हृदय व नियोजित कोशिकामृत्यू

शरीराच्या अंतर्गत आदेशानुसार कोशिका (पेशी) शिस्तबद्ध रीतीने नाश पावण्याच्या क्रियेस नियोजित कोशिकामृत्यू म्हणतात. इजेमुळे मरणारी कोशिका फुगून फुटते व भोवती शोथ (दाहयुक्त सूज) उत्पन्न होतो. नियोजित मृत्यूत मात्र कोशिका आकसते, तिचे पटलवेष्टित तुकडे होतात आणि इतर कोशिका ते गिळून टाकतात. मागे खूण राहत नसल्याने ही क्रिया दीर्घकाळ दुर्लक्षित राहिली.

कार्ल फोख्ट यांनी १८४२ मध्ये भेकाच्या डिंभाचे निरीक्षण करताना वाढीच्या ओघात काही कोशिका नाहीशा होतात, असे नोंदविले होते. अल्फ्रेड ग्लक्समन यांनी १९५१ मध्ये पृष्ठवंशी प्राण्यांच्या भ्रूणविकासातील अशा मृत्यूंचा आढावा घेतला. १९७२ मध्ये जॉन केर, अँड्र्यू वायली व ॲलॅस्टेअर करी यांनी या क्रियेस ‘ॲपॉप्टोसिस’ हे नाव दिले. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ पाने वा पाकळ्या गळणे असा आहे.

भ्रूणाचे हृदय प्रारंभी साधी नळी असते. पुढे तिला वळण पडते, पडदे तयार होतात आणि महारोहिणी व फुप्फुस रोहिणी अलग होतात. टॉमास पेक्सीडर यांनी १९७५ मध्ये भ्रूणहृदयातील कोशिकामृत्यूच्या क्षेत्रांचे सविस्तर वर्णन प्रसिद्ध केले. हा मृत्यू केवळ आनुषंगिक नसून आवश्यक आहे, हे २००१ मध्ये मिचिको वातानाबे व त्यांचे सहकारी यांनी कोंबडीच्या भ्रूणांवरील प्रयोगांनी दाखविले. मृत्यूस कारणीभूत होणारी एंझाइमे रोखली असता हृदयाचा बहिर्वाह मार्ग नेहमीप्रमाणे आखूड झाला नाही व महारोहिणीची जोडणी सदोष राहिली.

प्रौढ हृदयात हीच क्रिया घातक ठरते. रोबेर्टा गॉटलिब व सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये सशाच्या हृदयाचा रक्तपुरवठा खंडित करून पुन्हा सुरू केल्यावर स्नायुकोशिकांत हा मृत्यू आढळल्याचे दाखविले. २००३ मधील उंदरांवरील प्रयोगांत दर लाख कोशिकाकेंद्रकांमागे सुमारे २३ इतके अल्प प्रमाणही हृदय विस्फारून प्राणघातक ठरण्यास पुरेसे होते. याचे कारण भरपाईच्या अभावात आहे. २००९ मधील कार्बन–१४ मापनानुसार मानवी हृदयस्नायूच्या कोशिकांपैकी वयाच्या २५ व्या वर्षी प्रतिवर्षी सुमारे १ टक्का व ७५ व्या वर्षी सुमारे ०·४५ टक्काच नव्याने निर्माण होतात. त्यामुळे अल्प पण अखंड हानीही साचत जाते. ती रोखणारे उपाय प्राण्यांवरील प्रयोगांत आशादायक ठरले असले, तरी हृदयविकाराच्या रूढ उपचारांत त्यांना अद्याप स्थान मिळालेले नाही.