बटणाची आठवण

आजचा भाग एका फसलेल्या रेकॉर्डिंगपासून सुरू करतो.

नवी मुंबईसाठी गेलेल्या जमिनींच्या मोबदल्यासाठी दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली आंदोलन झालं. जानेवारी १९८४ मध्ये उरण परिसरात पोलीस गोळीबारात पाच जण गेले. त्या गर्दीत असलेले एक काका बोलायला तयार झाले होते. बॅटरी मेलेला, लिनक्सवर चालणारा माझा जुना लॅपटॉप घेऊन मी गेलो. माइक चालू केला, पातळी वाढवली, तपासली. तेवढ्यात लाइट गेली. आली तशी मशीन पुन्हा सुरू केली आणि काकांना म्हटलं, बोला. चाळीस मिनिटं ते बोलले. घरी येऊन ऐकतो, तर नुसती शांतता!

आता बघा, जुन्या रेडिओला ही अडचण नव्हती. बटण जिथे फिरवून ठेवलं, तिथेच राहायचं. बटण हीच आठवण. संगणकात मात्र आवाजाची पातळी म्हणजे साउंड कार्डातला एक आकडा. वीज गेली की आकडा गेला.

१९९८ मध्ये चेक प्रोग्रॅमर यारोस्लाव्ह किसेला यांनी 'अल्सा' प्रकल्प सुरू केला. डिसेंबर २००३ च्या लिनक्स २.६ मध्ये तीच ध्वनिव्यवस्था मुख्य झाली. अल्सात चॅनेल सुरुवातीला मुकेच असायचे. म्हणून सोबत 'अल्सा-सीटीएल' हे छोटं साधन आलं. 'स्टोअर' म्हटलं की प्रत्येक चॅनेलची पातळी, चालू की बंद, सगळं 'असाउंड डॉट स्टेट' या साध्या मजकुराच्या फाइलीत उतरतं. 'रिस्टोअर' म्हटलं की परत येतं. संगणक बंद होताना पहिलं काम आपोआप होतं, सुरू होताना दुसरं.

मेख तिथेच आहे. लाइट गेली, म्हणजे संगणक रीतसर बंद झालाच नाही. माझी नवी पातळी फाइलीत उतरलीच नाही. परत आली ती आदल्या दिवशीची, माइक बंद असलेली. संगणक विसरला नव्हता. त्याला जुनंच आठवलं.

महिन्याने पुन्हा गेलो. काकांनी सगळं परत सांगितलं, नीट, क्रमाने. पहिल्यांदा एका ठिकाणी ते बराच वेळ थांबले होते. या वेळी थांबले नाहीत.

तेव्हापासून माइक लावला की आधी 'स्टोअर', मग टाळी वाजवून ऐकतो, आणि मगच म्हणतो, बोला.