कुक काउंटीतील दफनभूमी

अमेरिकेच्या इलिनॉय राज्यातील कुक काउंटीत शिकागो शहर वसले असून तेथील दफनभूमींत अनेक नामवंतांचे दफन झाले आहे. हेमार्केट खटल्यात १८८७ साली फाशी दिलेले ऑगस्ट स्पाइस, आल्बर्ट पार्सन्स आदी कामगार नेते वाल्डहाइम (आता फॉरेस्ट होम) दफनभूमीत विसावले आहेत. तेथील स्मारकाचे अनावरण २५ जून १८९३ रोजी झाले. दुसऱ्याच दिवशी राज्यपाल जॉन आल्टगेल्ड यांनी तुरुंगातील तिघा सहआरोपींना माफी दिली व खटला अन्याय्य ठरविला. एमा गोल्डमन यांची कबरही याच दफनभूमीत आहे.

शिकागोतील ओक वुड्स दफनभूमीत झुंडहत्यांविरुद्ध लढलेल्या कृष्णवर्णीय पत्रकार आयडा वेल्स, भौतिकशास्त्रज्ञ एन्रिको फर्मी आणि धावपटू जेसी ओवेन्स यांच्या कबरी आहेत. यादवी युद्धात गुलामगिरी टिकविण्यासाठी फुटून निघालेल्या दक्षिणी राज्यांच्या हजारो युद्धकैद्यांची सामूहिक कबरही तेथेच आहे.