साने गुरुजी : कारावासातील लेखन

साने गुरुजी : (२४ डिसेंबर १८९९ – ११ जून १९५०). मराठी साहित्यिक व स्वातंत्र्यसैनिक. संपूर्ण नाव पांडुरंग सदाशिव साने. जन्म रत्नागिरी जिल्ह्यातील खेड तालुक्यास लागून असलेल्या दापोली तालुक्यात, पालगड येथे. १९२४ पासून ते अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक होते. विद्यार्थ्यांसाठी त्यांनी छात्रालय हे हस्तलिखित दैनिक चालविले. तथापि ग्रंथकार म्हणून त्यांची घडण मुख्यतः तुरुंगात झाली.

१९३० मध्ये नोकरी सोडून ते सविनय कायदेभंगाच्या चळवळीत उतरले व त्यांना कारावासाची शिक्षा झाली. त्रिचनापल्लीच्या तुरुंगात दक्षिणेतील राजबंद्यांच्या सहवासात ते तमिळ शिकले. पुढे त्यांनी कुरल या तमिळ ग्रंथाचा मराठी अनुवाद केला. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबा भावे यांनी २१ फेब्रुवारी ते १९ जून या काळात दर रविवारी गीतेवर प्रवचने दिली. ती १८ प्रवचने साने गुरुजींनी टिपून घेतल्यामुळेच गीता प्रवचने हा ग्रंथ सिद्ध होऊ शकला.

श्यामची आई या पुस्तकाचा बहुतांश भाग त्यांनी नाशिकच्या तुरुंगात ९ ते १३ फेब्रुवारी १९३३ या पाच दिवसांत लिहिला. ते १९३५ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांच्या आईचे, यशोदाबाईंचे, १९१७ मध्ये निधन झाले होते. कोकणातील घर, खोतीच्या कुटुंबास आलेले दारिद्र्य व आईची शिकवण यांच्या स्मृती त्यांनी ४२ रात्रींच्या कथनात गुंफल्या.

तुरुंगात काय लिहिले जाते, हे बंद्यास मिळणाऱ्या साधनांवरही अवलंबून असते. रत्नागिरीत जन्मलेल्या लोकमान्य टिळकांना मंडालेत ग्रंथ व लेखनसाहित्य मिळू शकले. तेथे १९१०–११ मध्ये गीतारहस्य लिहून झाले. अंदमानात वि. दा. सावरकरांना कागदाअभावी कविता मुखोद्गत कराव्या लागल्या. साने गुरुजींच्या पुस्तकास संदर्भग्रंथांची गरज नव्हती. कागद व स्मृती एवढ्यावर ते उभे राहिले.

या पुस्तकावर आचार्य अत्रे यांनी काढलेल्या चित्रपटास (१९५३) राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक लाभले. साने गुरुजींना शिक्षेने लेखक बनविले, असे म्हणणे मात्र अपुरे ठरेल. सहबंद्यांचा सहवास, श्रवणाची संधी व लिहिण्याची मुभा यांमुळेच त्यांच्या ठायी असलेल्या कथाकारास वाट मिळाली.