मोटारीचे ‘मूळ रूप’ आणि घरच्या दुरुस्तीचा इतिहास

१/ जुलै २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत बदल करून ‘विंटेज’ वाहनाची व्याख्या निश्चित करण्यात आली. वाहनाचे वय पन्नास वर्षांहून अधिक असावे, ते मूळ रूपात जपलेले असावे आणि त्याच्या सांगाड्यात, बॉडीत वा इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा. पात्र वाहनाला ‘व्हीए’ अक्षरांची वेगळी नोंदणी मिळते. व्याख्या वरवर निर्दोष वाटते. परंतु आपल्याकडे जुन्या मोटारी ज्या रीतीने टिकल्या, त्या रीतीशी ती ताडून पाहिली की एक पेच उभा राहतो. तो समजून घेण्यासाठी बॉनेट उघडून इंजिनापर्यंत जावे लागते.

२/ सुरुवात १९४० च्या दशकापासून करू. १९४२ मध्ये हिंदुस्थान मोटर्स आणि १९४४ मध्ये सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांची प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन झाली. १९४५ मध्ये पुढे ‘महिंद्र अँड महिंद्र’ म्हणून ओळखल्या गेलेल्या कंपनीचा पाया घातला गेला. त्याआधी, १९२८ पासून, जनरल मोटर्स मुंबईतच शिवडीला परदेशी भाग जोडून गाड्या तयार करीत होती.

३/ १९५३ मध्ये टॅरिफ कमिशनच्या शिफारशीनुसार सरकारने ठरवले, की ज्यांच्याकडे भारतात प्रत्यक्ष उत्पादन करण्याचा कार्यक्रम आहे त्यांनीच या धंद्यात राहावे. केवळ जोडणी करणाऱ्या जनरल मोटर्स आणि फोर्ड यांनी लवकरच गाशा गुंडाळला. स्वदेशी उद्योगाला संरक्षण मिळाले. मात्र रस्त्यावर आधीपासून धावणाऱ्या त्यांच्या गाड्या एका अर्थाने पोरक्या झाल्या. सुटा भाग मागवावा तर आयातीवर निर्बंध, नवी गाडी घ्यावी तर प्रतीक्षायादी वर्षानुवर्षांची.

४/ याच काळात कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून फियाट ११०० बाहेर पडू लागली. १९६४ पासून तिचे ‘डिलाइट’ हे रूप आले, १९७२ मध्ये नाव ‘प्रीमियर प्रेसिडेंट’ झाले आणि १९७४ मध्ये ‘प्रीमियर पद्मिनी’. नावे बदलत गेली. १०८९ सीसीचे चार सिलिंडरचे पेट्रोल इंजिन मात्र थोड्याफार सुधारणांसह दशकानुदशके तेच राहिले. एका पिढीने या इंजिनाबद्दल शिकलेले ज्ञान त्यामुळे पुढच्या पिढीलाही जसेच्या तसे उपयोगी पडले.

५/ आता नकाशावर किनवटकडे पाहू. पैनगंगेच्या खोऱ्यातला, सागवानी जंगलाचा हा तालुका हैदराबाद संस्थानात आदिलाबाद जिल्ह्यात होता. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत तो मुंबई राज्यात येऊन नांदेड जिल्ह्याला जोडला गेला. जिल्ह्याचे ठिकाण सव्वाशे किलोमीटरांहून दूर आणि जवळचे आदिलाबाद परराज्यात. अशा ठिकाणी बंद पडलेली मोटार कंपनीच्या अधिकृत कार्यशाळेत नेणे हा व्यवहार्य पर्याय नव्हता. पाना हाती घेणे हा तिथे छंद नव्हता, ती अपरिहार्यता होती.

६/ परंतु खेड्यापाड्यांत मोटारी मूठभर असताना इंजिनाचे ज्ञान आले कोठून? उत्तराचा एक भाग विहिरीवर सापडतो. १९४६ मध्ये पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्सची स्थापना झाली आणि डिझेलवर चालणारे पंप हळूहळू ग्रामीण महाराष्ट्राच्या ओळखीचे झाले. मराठवाड्यातील जुन्या शेतकऱ्याच्या तोंडी ‘इंजन’ हा शब्द आला, की बहुधा मोटेची जागा घेणारे हे यंत्रच अभिप्रेत असे. त्यात ठिणगी नव्हती; पण पिस्टन, रिंगा, वॉल्व्ह आणि गॅस्केट होतेच. विहिरीवरचे इंजिन खोलून पुन्हा बसवणाऱ्या हातांना मोटारीचे इंजिन अगदीच परके नव्हते.

७/ पेट्रोल इंजिनाला तीनच गोष्टी लागतात: हवेशी योग्य प्रमाणात मिसळलेले इंधन, पुरेसा दाब आणि नेमक्या क्षणी पडणारी ठिणगी. गाडी सुरू होत नसेल तर शोध याच क्रमाने उलगडत जातो. प्लग काढून त्याचे धातूचे अंग इंजिनाला टेकवायचे, स्टार्टर फिरवायचा आणि ठिणगी पडते का ते पाहायचे. ती क्षीण असेल तर संशय डिस्ट्रिब्युटरमधल्या ‘पॉइंट’वर. त्याची जळलेली टोके बारीक पॉलिश पेपरने घासून त्यांतले अंतर अर्ध्या मिलिमीटरपेक्षा किंचित कमी ठेवायचे. फीलर गेज हाताशी नसेल तर जाड कागदाची घडीही चाले.

८/ नंतर कार्ब्युरेटर. त्याच्या जेटचे छिद्र इतके सूक्ष्म, की पेट्रोलमधला एक कण ते बुजवतो. जाणकार ते फुंकून मोकळे करतो, तार घालत नाही. तारेने छिद्र रुंदावले तर मिश्रणाचे प्रमाण कायमचे बिघडते. उन्हाळ्यात आणखी एक अडचण येई. इंजिनाला लागून असलेला यांत्रिक पेट्रोल पंप तापला, की आतल्या पेट्रोलची वाफ होऊन पुरवठा तुटे. उपाय साधा होता: पंपावर ओले फडके ठेवायचे आणि थांबायचे.

९/ रोगनिदानाची एक भाषाही घडली होती. निळसर धूर म्हणजे रिंगा झिजून ऑइल जळते आहे. काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त जाते आहे. इंजिन तापल्यावरही पांढरी वाफ येत राहिली तर गॅस्केटमधून पाणी सिलिंडरात शिरते आहे. टॅपेटची टकटक ऐकून वॉल्व्हच्या फटीचा अंदाज येई. ही फट मिलिमीटरच्या एक-दोन दशांशांइतकी असते. तिचा बिघाड बहुधा आधी कानाला कळे आणि मापाने त्याची खात्री केली जाई.

१०/ येथपर्यंतची कामे अंगणात होत. पुढचा टप्पा म्हणजे ‘इंजिन बांधणे’. हेड उतरवायचे, साचलेला कार्बन खरवडायचा, वॉल्व्ह पेस्ट लावून त्यांच्या बैठकीवर घासायचे आणि पुन्हा बसवताना हेडचे बोल्ट मधून बाहेरच्या दिशेने, थोडे थोडे आवळायचे. सिलिंडर झिजला असेल तर लेथवाल्याकडे जाऊन बोअर मोठा करायचा आणि त्यात ‘ओव्हरसाइज’ पिस्टन बसवायचा. तीही मर्यादा संपली, की आत नवी स्लीव्ह. म्हणजे तीस-चाळीस वर्षे चाललेल्या इंजिनात कारखान्यातून आलेला ओतीव ठोकळा तेवढा उरे. आतले बरेच काही बदललेले असे.

११/ काहींनी याहून मोठे पाऊल उचलले. पेट्रोल महाग आणि डिझेल स्वस्त, म्हणून अँबेसेडर व जीपमध्ये मूळ पेट्रोल इंजिनाच्या जागी मॅटाडोरसारख्या वाहनांची डिझेल इंजिने बसवण्यात आली. नवे इंजिन बसेल अशा पट्ट्या वेल्ड करणे, गिअरबॉक्सशी त्याचा मेळ घालणे, वाढलेले वजन स्प्रिंगांना पेलवणे हे सारे स्थानिक कारागिरांनी जमवले. ‘विंटेज’च्या व्याख्येत मात्र हा थेट दोष ठरतो.

१२/ १ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसेविरहित पेट्रोल आले. आरोग्याच्या दृष्टीने तो आवश्यकच निर्णय होता. परंतु जुन्या इंजिनांत पेट्रोलमधले शिसे वॉल्व्हच्या बैठकीची झीज रोखत असे. ते नाहीसे झाल्यावर हेडमध्ये कठीण धातूच्या नव्या बैठका बसवणे हा खात्रीचा उपाय उरला. अशा दुरुस्तीतून गेलेल्या इंजिनाला ‘मूळ’ म्हणायचे की ‘फेरफार झालेले’? पेचाचे टोक इथे सर्वांत तीक्ष्ण होते.

१३/ त्याच वर्षी नवे प्रदूषण मानदंड लागू झाले. कार्ब्युरेटर मागे पडून संगणक-नियंत्रित इंधन फवारणी रूढ झाली. हवा त्यामुळे कमी मलिन झाली, हे नाकारता येत नाही. मात्र दोष शोधण्याचे काम कान, नाक आणि पाना यांच्याकडून स्कॅनरकडे गेले आणि स्कॅनरच्या भाषेवर मालकी कंपन्यांची राहिली. २०२२ मध्ये ग्राहक व्यवहार विभागाने ‘दुरुस्तीच्या हक्कासाठी’ समिती नेमली, तेव्हा शेतीची अवजारे आणि मोबाइल यांच्याबरोबर मोटारींचाही समावेश करावा लागला, तो याच कारणाने.

१४/ मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनी टॅक्सी ३० ऑक्टोबर २०२३ रोजी निवृत्त झाली. शेवटची टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली होती आणि वयोमर्यादा वीस वर्षांची होती. त्या निमित्ताने भरपूर आठवणी लिहिल्या गेल्या. रंग, छत, मीटर, चित्रपट यांची उजळणी झाली. त्या गाड्यांना वीस वर्षे चालते ठेवणाऱ्या हातांविषयी फार थोडे लिहिले गेले.

१५/ येथे प्रश्न इतिहासलेखनाचा आहे. राजेरजवाड्यांच्या मोटारी मूळ रूपात राहू शकल्या, कारण त्यांच्यामागे गॅरेज, नोकर आणि आयात भाग घेण्याची ऐपत होती. डॉक्टर, वकील, ठेकेदार, लहान बागायतदार यांच्या गाड्यांना रोज रस्त्यावर उतरावे लागे आणि त्या बदलत गेल्या म्हणूनच जगल्या. ‘मूळ रूप’ हा वारशाचा एकमेव निकष मानला, तर जपले जाते ते प्रामुख्याने वैभव. टंचाईतून निर्माण झालेले कौशल्य भंगारात जाते.

१६/ या कौशल्याची कागदपत्रे अजून घराघरांत आहेत: लेथवाल्याची बिले, वहीत टिपलेली ऑइल बदलल्याची तारीख, पिस्टनच्या खोक्यावरचा ‘ओव्हरसाइज’चा आकडा, आरसी पुस्तकात जुना इंजिन क्रमांक खोडून आरटीओने लिहिलेला नवा क्रमांक. जुनी गाडी विकताना हे कागद सहसा रद्दीत जातात. ते वेगळे काढून ठेवावेत, त्यांवर गाव आणि साल लिहावे आणि ज्यांनी ते इंजिन बांधले त्यांना, ते हयात असेपर्यंत, कोणता भाग का बदलला हे विचारून घ्यावे. त्यांच्या उत्तरांशिवाय मराठवाड्यातील मोटारीचा इतिहास केवळ खरेदीच्या तारखांचा राहील.