रिकामी जागा आणि मोकळी जागा

12 ऑक्टोबर 2024 रोजी, दसऱ्याच्या मुहूर्तावर, सिडकोने नवी मुंबईत 26 हजार घरांची योजना जाहीर केली. 'माझे पसंतीचे सिडकोचे घर' असे तिचे नाव. अर्जदाराने आपल्या पसंतीची जागा कळवायची होती. त्या जागांच्या यादीत ही नावे होती : वाशी ट्रक टर्मिनल, खारघर बस टर्मिनल, कळंबोली बस डेपो, पनवेल बस टर्मिनस, मानसरोवर रेल्वे स्थानक, खांदेश्वर रेल्वे स्थानक. परगावच्या माणसाला वाटावे, ही घरांची नव्हे, प्रवासाची यादी आहे. पण त्या गृहप्रकल्पांना दुसरे नाव नव्हते. ज्या जागेवर पूर्वी ट्रक उभे राहत, बसगाड्यांसाठी जी जागा राखली होती, स्थानकापुढे जे मैदान वाहनांसाठी सोडले होते, तिथेच आता इमारती उभ्या राहत होत्या.

शहराच्या मध्यावरचा वाहनतळ घरांसाठी विकावा की नाही, हा प्रश्न वरवर पाहता नगररचनाकारांचा आहे. पण नवी मुंबईपुरते बोलायचे तर या प्रश्नामागे साठ वर्षांचा इतिहास आहे, आणि त्या इतिहासात आपलीही माणसे आहेत. जमीन गेलेले शेतकरी आहेत, बाजारातले आडते आणि ट्रकचालक आहेत, घरासाठी वणवण करणारी कुटुंबेही आहेत. म्हणून तो थोडा मुळापासून पाहिला पाहिजे.

मराठीत दोन शब्द आहेत. रिकामी जागा आणि मोकळी जागा. जिचा कुणाला उपयोग नाही ती रिकामी. उपयोगासाठीच मुद्दाम सोडलेली ती मोकळी. घरापुढचे अंगण मोकळे असते, त्याला कुणी रिकामे म्हणत नाही. नवी मुंबईच्या जमिनीचा सारा वाद या दोन शब्दांमधल्या फरकाचा आहे.

जमीन हेच भांडवल

मुंबई बेट माणसांनी ओसंडून वाहू लागले तेव्हा, 1964-65 च्या सुमारास, चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल या तिघांनी खाडीपलीकडे नवे शहर वसवावे अशी कल्पना मांडली. ती शासनाने उचलून धरली. 17 मार्च 1970 रोजी सिडकोची स्थापना झाली. ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतील 95 गावांची सुमारे 344 चौरस किलोमीटर जमीन नव्या शहरासाठी ठरली. उद्दिष्ट होते वीस लाख लोकवस्तीचे.

एवढे शहर उभारायला शासनाने सिडकोला भांडवल दिले ते अवघे 3 कोटी 95 लाख रुपये. उरलेला पैसा कुठून यायचा? उत्तर साधे होते : जमिनीतून. शेतीच्या भावाने जमीन घ्यायची, तिथे रस्ते, पाणी, गटारे, वीज आणायची आणि त्यामुळे वाढलेल्या किमतीला भूखंड निविदा काढून द्यायचे. त्या पैशातून पुढची वसाहत उभारायची. मुंबईत जमिनीचा नफा मालकाच्या खिशात गेला, इथे तो शहराच्या तिजोरीत जावा, हा यामागचा हेतू होता आणि तो चांगला होता. बोलताना आपण 'सिडकोने प्लॉट विकला' म्हणतो, पण 1975 च्या जमीन वाटप नियमांनुसार तो 60 वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिला जातो. जमिनीची मालकी सार्वजनिक राहते, असा त्याचा अर्थ.

मात्र या व्यवस्थेत एक अडचण पहिल्या दिवसापासून होती. जे शहर जमीन विकून चालते त्याला दरवर्षी विकण्याजोगी जमीन लागते. ती संपत आली की शहर आपल्याच अंगणाकडे पाहू लागते.

खळ्याची किंमत

ही जमीन रिकामी नव्हती. ती आगरी, कोळी, कराडी समाजाची भातशेती होती, मिठागरे होती, खाजणे होती. तळोज्यासारख्या गावांत कोकणी मुसलमानांचीही शेती आणि वस्ती होती. सरकारी नकाशावर मात्र ते 'संपादनाखालील क्षेत्र' होते. मोबदल्याचा प्रश्न चिघळत गेला. 16 आणि 17 जानेवारी 1984 रोजी उरण तालुक्यात दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकरी रस्त्यावर उतरले. पोलिसांच्या गोळीबारात पाच शेतकरी हुतात्मा झाले. त्यांच्या रक्ताने पुढे एक तत्त्व मान्य झाले : ज्याची जमीन गेली त्याला विकसित जमिनीत साडेबारा टक्के वाटा. आज नवी मुंबईत 'साडेबारा टक्के' हा शब्द पोराटोरांना ठाऊक आहे. तो कुठून आला हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते.

इथे सीरतमधला एक प्रसंग आठवतो. प्रेषित मुहंमद (स.) मदिनेला पोहोचले तेव्हा मशिदीसाठी जी जागा ठरली ती सहल आणि सुहैल या दोन अनाथ भावांची होती. तिथे खजूर वाळत घालीत. आपल्या भाषेत सांगायचे तर ते खळे होते. मुलांनी जागा फुकट देऊ केली. प्रेषितांनी ती फुकट घेण्यास नकार दिला आणि तिची किंमत चुकती करविली. काम पुण्याचे होते, देणारे राजी होते, तरीही खळ्याला खळे म्हणून किंमत मिळाली. वरवर रिकाम्या दिसणाऱ्या जागेवर कुणाचे तरी खजूर वाळत असतात, हे त्यांनी पाहिले. 1984 च्या शेतकऱ्यांचे म्हणणे यापेक्षा वेगळे काय होते?

बाजार आला, ट्रक आले

मुंबईच्या दाटीतले घाऊक बाजार खाडीपलीकडे हलविणे हा नव्या शहराच्या योजनेचा महत्त्वाचा भाग होता. 1981 साली कांदा-बटाटा बाजार वाशीला आला. 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला धान्य आणि मसाला बाजार आले, 1996 साली भाजीपाला आणि फळे. भायखळा, क्रॉफर्ड मार्केट, मशीद बंदर, दाणाबंदर इथली पिढ्यान्‌पिढ्यांची पेढी उचलून लोक तुर्भे-वाशीच्या गाळ्यांत आले. त्यांत बागवान फळव्यापारी होते. रत्नागिरी-देवगडहून हापूसच्या पेट्या पाठविणारे आणि त्या उतरवून घेणारे कोकणी मुसलमान होते. माथाडी कामगार होते, ज्यांच्यासाठी वाशी आणि कोपरखैरणे भागात वसाहती झाल्या.

बाजार म्हणजे केवळ गाळे नव्हेत. लासलगावचा कांदा, काश्मीर-हिमाचलचे सफरचंद ट्रकमधूनच येते. चालक रात्रभर गाडी हाकून पहाटे पोहोचतो, माल उतरेपर्यंत थांबतो, मग परतीचे भाडे मिळेपर्यंत पुन्हा थांबतो. त्या थांबण्याला जागा लागते. गाडीखाली चटई पसरून झोपायला, स्टोव्ह पेटवायला, अंघोळीला, नमाजाला, गाडीचा पाटा बदलायला जागा लागते. बाजारालगत ट्रक टर्मिनल ठेवले गेले ते म्हणूनच. दुपारी बाराला पाहणाऱ्याला ते अर्धे ओसाड दिसले असेल. पहाटे चारला पाहणाऱ्याला तसे दिसले नसते.

रेल्वे स्थानकांचेही तसेच. मानखुर्द-वाशी रेल्वे 1992 साली सुरू झाली. या मार्गावरची स्थानके उभारण्यात सिडकोचा पैसा लागला आणि तो वसूल करण्यासाठी वाशीसारख्या स्थानकांवर कचेऱ्यांच्या इमारती बांधल्या गेल्या. स्थानकांपुढे मात्र रिक्षा, बस आणि खासगी गाड्यांसाठी प्रशस्त पटांगणे सोडली. मुंबईहून आलेल्या माणसाला ती पटांगणे पाहूनच वाटे की आपण वेगळ्या शहरात आलो.

2008 साली सीवूड्स स्थानकालगतची सुमारे 16 हेक्टर जमीन एका मोठ्या बांधकाम कंपनीने निविदेत घेतली. बोली 1,800 कोटी रुपयांच्या पुढे गेली. तिथे आज स्थानक, मॉल आणि कचेऱ्या एकावर एक उभ्या आहेत. या व्यवहारावर टीका करणारे आहेत, पण एक गोष्ट मान्य केली पाहिजे. स्थानक आणि वाहनतळ बांधून देणे हा त्या प्रकल्पाचाच भाग होता. जागा गेली, पण जागेचे काम राहिले.

घर हवे, हेही खरेच

पुढच्या दहा वर्षांत मोक्याच्या वसाहतींत विकण्याजोगे भूखंड कमी होत गेले. पंतप्रधान आवास योजना 2015 साली आली होती. 2018-19 च्या सुमारास सिडकोने जवळपास 90 हजार घरांची योजना आखली आणि त्यासाठी ट्रक टर्मिनल, बस टर्मिनल आणि स्थानकांपुढची पटांगणे निवडली. तर्क असा की गरिबाचे घर स्थानकाजवळ असावे, म्हणजे त्याला गाडीची गरजच पडू नये.

हा तर्क खोटा नाही. जगभरचे नगररचनाकार आज हेच सांगतात. गाड्या उभ्या करण्यापेक्षा माणसे राहण्यासाठी जमीन वापरणे केव्हाही बरे. शिवाय आपल्या समाजाने हा प्रश्न घाईने 'विरोध' या खात्यात टाकू नये, याला एक खास कारण आहे. सोसायटीत भाड्याने घर मागायला गेल्यावर नाव ऐकताच समोरच्याचा आवाज बदलतो, हा अनुभव आपल्यापैकी किती जणांना नवा आहे? पगार चांगला, कागदपत्रे पूर्ण, आणि तरी घर 'कालच गेले' असते. सोडतीच्या यंत्राला आडनावाशी देणेघेणे नसते. ज्याचा क्रमांक लागला त्याला घर. ज्या शहरात दलाल दार लावून घेतो तिथे सरकारी सोडत हे एक उघडे दार आहे. ट्रक टर्मिनलवर बांधलेल्या घरात एखादे मुस्लिम कुटुंब शेजाऱ्यांच्या बरोबरीने राहायला जाणार असेल, तर त्या घराला नुसते नाही म्हणता येणार नाही.

पण मग दोन प्रश्न विचारावे लागतात.

पहिला प्रश्न किमतीचा. जानेवारी 2025 मध्ये जाहीर झालेल्या यादीत वाशी ट्रक टर्मिनल इथल्या अल्प उत्पन्न गटाच्या घराची किंमत 74 लाखांच्या पुढे होती. घर सव्वातीनशे चौरस फुटांच्या आतबाहेरचे. त्या जागेवर पूर्वी गाडी लावणाऱ्या चालकाला किंवा गोणी वाहणाऱ्या हमालाला हे घर परवडेल काय? गरिबाच्या नावाने मोकळी जागा घ्यायची आणि गरिबाला परवडणार नाही अशा दराने द्यायची, तर मग त्या नावाला अर्थ काय उरला?

दुसरा प्रश्न जागेच्या कामाचा. टर्मिनल गेल्याने ट्रक काही यायचे थांबले नाहीत. बाजार तिथेच आहे, कांदा तिथेच येतो. फरक इतकाच की बाजाराभोवतीच्या रस्त्यांवर गाड्या उभ्या राहण्याच्या तक्रारी वाढल्या. कामोठे आणि खांदा कॉलनीच्या रहिवाशांनी स्थानकांपुढील प्रकल्पांना विरोध केला तोही याच कारणाने. रस्त्यावर उभ्या ट्रकचा दंड चालक भरतो, अपघात झाला तर बोल त्यालाच लागतो. त्याच्या थांबण्याची जागा कुणी आणि किती रुपयांना काढून घेतली, याचा हिशेब कुणी मागत नाही. शेतकऱ्याकडे निदान सातबारा होता. वर्षानुवर्षे त्या जागेवर झोपलेल्या चालकाकडे कोणताच उतारा नाही. म्हणून त्याला साडेबारा टक्केही नाहीत.

नंतर येणाऱ्यांचा वाटा

घणसोलीत 2003 साली शासकीय क्रीडा संकुलासाठी 20 एकर जागा राखली होती. पुढे तिचा काही भाग बांधकामासाठी दिला गेला आणि 2021 साली संकुल रायगड जिल्ह्यात माणगाव तालुक्यातील नाणोरे इथे हलविण्याचे ठरले. म्हणजे शंभर किलोमीटरहून दूर. मुंबई उच्च न्यायालयाने जुलै 2024 मध्ये हा निर्णय रद्द केला. प्रकरण पुढे सर्वोच्च न्यायालयातही गेले. उच्च न्यायालयाने धरलेले सूत्र आपल्या विषयाला लागू पडते : सार्वजनिक कामासाठी सोडलेली जागा ही विक्रीचा शिल्लक माल नव्हे.

हजरत उमर (रजि.) यांच्या काळात इराकची सुपीक जमीन, जिला 'सवाद' म्हणत, मुस्लिम राज्यात आली. ती सैनिकांत वाटून टाकावी असा मोठा आग्रह झाला. आग्रह धरणारे मातब्बर सहाबा होते आणि त्यांच्या बाजूला जुना रिवाजही होता. उमरांनी दिवसेंदिवस सल्लामसलत केली आणि वाटपास नकार दिला. आज सर्व वाटले तर नंतर येणाऱ्यांसाठी काय उरेल, हा त्यांचा प्रश्न होता. जमीन कसणाऱ्यांकडेच राहिली आणि तिचा खराज बैतुलमालमध्ये, सर्वांच्या खजिन्यात, येत राहिला.

सिडकोची मूळ कल्पना याच्या फार दूर नव्हती. जमीन सर्वांची, उत्पन्न सर्वांच्या कामाचे. पण सर्वांची जमीन ही अमानत असते आणि अमानत सांभाळणाऱ्याला ती मोडून खाण्याचा हक्क नसतो. वाहनतळावर घरे बांधायला हरकत नाही. मात्र त्या जागेचे जे काम होते ते करारात लिहून घेतले पाहिजे. खाली ट्रक उभे राहतील किंवा जवळच तेवढीच जागा त्यांना आधी मिळेल, मगच वर इमारत. आणि घराची किंमत ज्याच्या नावाने घर बांधले त्याच्या कमाईला धरून असली पाहिजे. सीवूड्सला बांधकाम कंपनीकडून स्थानक बांधून घेता येते, तर वाशीला सिडकोला स्वतःकडून ट्रकचा तळ का बांधून घेता येऊ नये?

त्या घरांत उद्या संसार थाटतील, मुले वाढतील. त्यांच्या पत्त्यात 'ट्रक टर्मिनल' हे शब्द कदाचित बरीच वर्षे टिकतील. एखादे मूल विचारीलच, इथे ट्रक कुठे आहेत? त्याला उत्तर द्यायला खिडकीतून खालचा रस्ता दाखवावा लागू नये.