पन्हाळ्याहून विशाळगडाकडे

साताऱ्यास यवतेश्वराचा घाट चढून परत येण्याची सुमारें २१ किलोमीटरांची शर्यत २०१२ सालीं सुरू झाली, आणि आज तींत हजारों स्त्रीपुरुष धांवतात. ही हौस आपण पाश्चात्यांकडून उचलली, असें पुष्कळ सुशिक्षितांस वाटतें. घड्याळ आणि पदक हीं तिकडचीं खरीं. पण डोंगरवाटेनें जीव घेऊन धांवण्याची जी एक शर्यत महाराष्ट्राच्या इतिहासांत झाली, तिचा धांवणें या दृष्टीनें विचार फारसा कोणी केलेला आम्हांस दिसत नाहीं.

१६६० च्या मार्चपासून सिद्दी जौहराचा पन्हाळ्यास वेढा पडला होता. राजापूरच्या वखारींतील इंग्रजही तोफगोळे घेऊन त्याच्या मदतीस आले होते. पाऊस लागला कीं वेढा ढिला पडेल, ही आशा फोल ठरली. तेव्हां १२ जुलैच्या रात्रीं शिवाजी महाराज पालखींत बसून गडाबाहेर पडले. बरोबर सुमारें सहाशें बांदल मावळे होते. दुसऱ्या पालखींत शिवा काशीद महाराजांचें सोंग घेऊन बसला व शत्रूच्या हातीं सांपडला, ही कथा सर्वश्रुतच आहे. त्या फसगतीनें मिळाला तो केवळ कांहीं घटकांचा अवधि.

विशाळगड तेथून सुमारें ६० किलोमीटर. आषाढाचे दिवस, पौर्णिमेच्या सुमाराची रात्र असली तरी ढगांआड चांदण्याचा उपयोग तो किती! मसाईचें पठार म्हणजे उघडा जांभा दगड. पावसांत त्यावर शेवाळ धरतें. पठार उतरलें कीं भातखाचरांचा चिखल, मग ओढे, मग दाट रान. हल्लीं दर पावसाळ्यांत तरुणांच्या टोळ्या याच वाटेनें जातात, आणि दिवसाउजेडीं, पाठीवर बेताचें ओझें घेऊन, त्यांस बहुधा दोन दिवस लागतात. बांदलांच्या खांद्यावर पालखी होती, आणि खांदा बदलण्यास थांबावें तर मागें सिद्दी मसूदाचे स्वार.

घोडा माणसापेक्षां जलद, हें मैदानांत खरें. निसरड्या चढणीवर आणि गुडघाभर चिखलांत त्याचा वेग पुष्कळसा फुकट जातो. अनवाणी मावळ्याचा तितका जात नाहीं. तरीहि सकाळीं घोडखिंडीजवळ स्वारांनीं त्यांस गांठलेंच. पण गांठलें तें खिंडीपाशीं, मोकळ्या माळावर नव्हे. आमच्या मतें त्या रात्रीचें सारें यश या एका गोष्टींत आहे. तीनशें माणसें फौजेस अडवूं शकतील अशी जागा येईपर्यंत पाय थकले नाहींत, म्हणून बाजी प्रभूंस पाय रोवून उभें राहतां आलें. खिंड लढविणाऱ्यांचे पोवाडे झाले, नाटकें झालीं, शाळेंत धडे आले. तें योग्यच झालें. परंतु ते लढले ते रात्रभर धांवून आल्यावर, हें धडा शिकवितांना कितीजण सांगतात?

उरलेले तीनशें पालखी घेऊन पुढें गेले. विशाळगडाच्या पायथ्याशींहि शृंगारपूरचे सुर्वे व पालवणीचे दळवी यांचा वेढा होता, आणि त्या थकल्या माणसांस तो तरवारीनें फोडावा लागला.

या कामाची बूज महाराजांनीं राखली. दरबारांतील पहिल्या मानाचा अधिकार कान्होजी जेध्यांच्या घराण्याकडे होता. तो पुढें जेध्यांच्या संमतीनें बांदलांस देण्यांत आला.