अस्वलासाठी कुठलं पिस्तूल?

चार वर्षांपूर्वीची गोष्ट. तेव्हा सिएटलला होतो. ४ जुलैचा लाँग वीकेंड जोडून मोंटानातल्या ग्लेशियर नॅशनल पार्कला जायचं ठरलं होतं. मी, बायको आणि दोन मित्र. हॉटेल झालं, गाडी झाली, रेडी-टू-ईट पुलावाचे पुडेसुद्धा भरून झाले. शुक्रवारी लंचला टीममधल्या एका सीनियरला सहज सांगितलं. हा गडी मूळचा मोंटानाचा. त्याचा पहिला प्रश्न, "अस्वलासाठी काय घेतलंयस?"

मी म्हटलं, "कॅमेरा."

तो हसला नाही. पुढचा पाऊण तास त्याने मला .४४ मॅग्नम चांगली की १० एमएम, रिव्हॉल्व्हर बरं की पिस्तूल, गोळी कुठली, पट्टा कमरेला की छातीवर, असं सगळं ऐकवलं. वर "हवं तर माझं घेऊन जा" म्हणाला. आता एच-वन व्हिसावाल्याला अमेरिकेत बंदूक बाळगायला कायद्याने मनाई आहे. शिकारीचं लायसन्स काढलं तर सूट मिळते, पण मी पडलो वांग्याचं भरीत करणारा माणूस. नम्रपणे नको म्हटलं. पण किडा डोक्यात शिरला तो शिरलाच. तो अख्खा वीकेंड वाचण्यात गेला, आणि लक्षात आलं की हा लंच टेबलावरचा वाद चांगला २०० वर्षं जुना आहे.

सुरुवात होते १८०५ मध्ये. लुईस आणि क्लार्क यांची तुकडी मिसुरी नदीवरून पश्चिमेकडे निघाली होती. वाटेत मँडन आणि हिदात्सा लोकांनी त्यांना बजावून ठेवलं होतं की पुढे एक वेगळंच अस्वल आहे, त्याच्या नादी लागू नका. लुईसला वाटलं, यांच्याकडे धनुष्यबाण आणि जुनाट बंदुका, म्हणून घाबरत असतील. आपल्या रायफलींपुढे काय टिकणार? २९ एप्रिलला पहिलं ग्रिझली मारलं तेव्हा तर त्याची खात्रीच पटली.

जेमतेम आठवडा गेला. ५ मेला क्लार्क आणि आणखी एकाने एका ग्रिझलीला १० गोळ्या घातल्या, त्यातल्या ५ फुप्फुसातून गेल्या. तरी ते अर्धी नदी पोहून वाळूच्या बेटावर गेलं आणि त्यानंतरही २० मिनिटं जिवंत होतं. १४ मेला सहा जणांनी मिळून एकावर बार काढले, तर त्यानेच त्यांना पळवून पळवून नदीत उड्या मारायला लावल्या. लुईसचा सूर महिन्याभरात पार बदलला. रोजनिशीत तो जवळपास कबूलच करतो की आमच्या माणसांची ग्रिझली बघायची हौस आता फिटली आहे.

पण मला सगळ्यात आवडलेला प्रसंग १४ जूनचा. लुईस एकटाच ग्रेट फॉल्सच्या परिसरात हिंडत होता. त्याने एक गवा मारला आणि तो कोसळायची वाट बघत उभा राहिला. ठासणीची बंदूक, एक बार झाला की पुन्हा भरावी लागते. ती भरायची राहिली. मागे वळून बघतो तर २० पावलांवर ग्रिझली! जवळ झाड नाही, झुडूप नाही. पठ्ठ्या धावत सुटला, कमरेइतक्या पाण्यात शिरला आणि हातातला भाला रोखून तोंड फिरवून उभा राहिला. अस्वल काठापर्यंत आलं, थबकलं आणि उलटं फिरून पळून गेलं. का, ते लुईसला शेवटपर्यंत कळलं नाही. त्या काळातल्या उत्तमातल्या उत्तम शस्त्रांपैकी एक त्याच्याकडे होतं, पण ज्या दिवशी खरी गरज पडली त्या दिवशी ते रिकामं होतं.

हा प्रसंग डोक्यात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

तर मग प्रश्न असा उरला की एका बारापेक्षा जास्त बार कसे मिळतील. १८३६ मध्ये सॅम्युअल कोल्टने फिरत्या चक्राच्या रिव्हॉल्व्हरचं पेटंट अमेरिकेत घेतलं. १८४७ मध्ये कॅप्टन वॉकरच्या सांगण्यावरून .४४ कॅलिबरचं 'वॉकर कोल्ट' आलं. सहा बार आणि वजन दोन किलोच्या वर. हे धूड अस्वलासाठी नव्हतं, मेक्सिकोच्या युद्धातल्या घोडेस्वारांसाठी होतं. पण ताकदीच्या बाबतीत या हत्याराला मागे टाकायला १९३५ साल उजाडावं लागलं, असं म्हणतात.

१९३५ मध्ये स्मिथ अँड वेसननं .३५७ मॅग्नम बाजारात आणलं आणि मग जी शर्यत सुरू झाली ती आपल्या प्रोसेसरच्या मेगाहर्ट्झसारखीच. आयडाहोतला एल्मर कीथ नावाचा रँचवाला आणि लेखक कित्येक वर्षं .४४ स्पेशलच्या काडतुसात जास्त दारू भरून बघत होता आणि कंपन्यांच्या मागे लागला होता. त्यातून १९५५ च्या अखेरीस .४४ मॅग्नम जन्माला आलं. १९७१ मध्ये 'डर्टी हॅरी'त क्लिंट ईस्टवुडनं ते हातात धरलं आणि ते घरोघरी पोचलं. तरी लोकांचं समाधान होईना. मग .४५४ कॅसूल आलं. २००३ मध्ये .५०० मॅग्नम आलं. साधारण ९ एमएम गोळीची ऊर्जा ५०० जूलच्या आसपास, .४४ मॅग्नमची १२०० ते १४००, आणि या .५०० ची साडेतीन हजार! म्हणजे रायफलच्या पंगतीला बसलं की हो हे.

दुसरीकडे पिस्तूलवाल्यांनी १९८३ मध्ये १० एमएम काढलं होतं. गोळ्या जास्त आणि धक्का सोसण्याइतका. ग्रीनलँडमध्ये कुत्र्यांच्या गाड्यांवरून गस्त घालणाऱ्या डेन्मार्कच्या 'सिरियस' तुकडीनं ध्रुवीय अस्वलांसाठी ९ एमएम कमी पडतं म्हणून हेच १० एमएम घेतलं. माझा मोंटानावाला सीनियर याच पंथाचा.

गोळीचं गणित तर आणखी मजेशीर. माणसापासून बचावासाठी जी पोकळ टोकाची गोळी चांगली समजतात, ती आत शिरली की फुलासारखी उमलते आणि लवकर थांबते. तसं ती थांबावी अशीच अपेक्षा असते, कारण आरपार जाऊन मागच्याला लागायला नको. अस्वलाच्या बाबतीत नेमकं उलटं. चरबी, जाड स्नायू, उतरती कवटी, आणि या सगळ्याच्या पलीकडे मेंदू किंवा मणका. तिथपर्यंत पोचायचं तर न उमलणारी, कडक शिशाची, बोथट तोंडाची गोळी लागते. काळजात गोळी लागलेलं अस्वलसुद्धा पुढचे काही सेकंद धावत राहू शकतं, आणि तेवढे सेकंद त्याला पुरतात. २०१६ मध्ये अलास्कातल्या एका गाईडनं बरोबरच्या पाहुण्यांवर धावून आलेलं अस्वल चक्क ९ एमएमनं मारलं. पण गोळी याच जातीची होती, आणि माणूस उभा जन्म अस्वलांच्या राज्यात काढलेला.

इथवर वाचून झाल्यावर मी मनातल्या मनात एक छान एक्सेल शीट बनवलं होतं. कॅलिबर, ऊर्जा, वजन, धक्का. इंजिनिअरला कॉलम दिसले की बरं वाटतं :-)

मग एक साधा गुणाकार केला आणि शीटची हवाच गेली. ग्रिझली ताशी ५५ किलोमीटरच्या आसपास धावतं, म्हणजे सेकंदाला १५ मीटर. ३० मीटरवर दिसलं तर तुमच्याकडे आहेत दोन सेकंद. त्यात 'अरे, हे अस्वल आहे' हे कळायचं, हात कमरेला जायचा, शस्त्र बाहेर यायचं, उसळत येणाऱ्या डोक्यावर नेम धरायचा आणि चाप ओढायचा. माझ्या शीटमध्ये 'वेळ' नावाचा कॉलमच नव्हता. आपण जे मोजता येतं ते सुधारत बसतो आणि अडलेलं असतं भलतीकडेच. हे मी ऑफिसात दर रिलीजला बघतो.

हा कॉलम भरायचं काम टॉम स्मिथ आणि स्टीफन हेरेरो या अस्वलांच्या अभ्यासकांनी केलं. २०१२ मध्ये त्यांनी सहकाऱ्यांबरोबर अलास्कातल्या १८८३ ते २००९ पर्यंतच्या २६९ घटना तपासल्या, सगळ्या बंदूक जवळ असतानाच्या. पिस्तूल-रिव्हॉल्व्हरवाल्यांना ८४ टक्के वेळा अस्वल रोखता आलं, लांब बंदुकवाल्यांना ७६ टक्के. हे आकडे बघून सीनियर खूष होईल. पण पुढचं वाक्य वाचा. ज्यांनी बंदूक चालवली आणि ज्यांनी जवळ असून चालवली नाही, त्या दोघांमध्ये जखमी होण्याचं प्रमाण सारखंच निघालं! जिथे बंदूक अपयशी ठरली तिथे गोळी लहान पडली ही तक्रार पहिली नव्हती. पहिली होती, वेळच मिळाला नाही. शिवाय १०० पैकी ६१ घटनांमध्ये अस्वल मेलं.

याच दोघांनी आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये दुसऱ्या एका वस्तूचा हिशोब मांडला होता. बेअर स्प्रे. १९८० च्या दशकात मोंटाना विद्यापीठाच्या आसपासच्या मंडळींनी तो तयार केला. आत काय, तर मिरचीचा अर्क! म्हणजे आपल्या लवंगी मिरचीचा तिखटपणा डब्यात भरून सात-आठ मीटरपर्यंत त्याचा ढग करायचा. त्यांनी तपासलेल्या ७२ घटनांत ग्रिझलीच्या जातकुळीच्या तपकिरी अस्वलांना ९२ टक्के वेळा त्याने रोखलं. १७५ माणसांपैकी जखमी झाली ३, आणि एकालाही दवाखान्यात ठेवावं लागलं नाही. वारा उलटा असेल तर थोडा प्रसाद आपल्यालाही मिळतो, तेही त्यांनी मोजलंय.

आता प्रामाणिकपणे सांगायचं तर हे दोन अभ्यास शेजारी ठेवून 'स्प्रे जिंकला' म्हणणं बरोबर नाही. बंदुकीच्या यादीत अंगावर आलेली अस्वलं जास्त, स्प्रेच्या यादीत नुसती चौकस, खाण्याच्या वासाने आलेलीही बरीच. पण एक गोष्ट पटते. ढगाला नेम लागत नाही. घाबरलेल्या, हात थरथरणाऱ्या माणसाला गृहीत धरून बनवलेली ती वस्तू आहे. लुईससारखा भरायला विसरणारा माणूस, म्हणजे आपणच, त्या डिझाइनमध्ये धरलेला आहे.

तर आम्ही पार्कच्या बाहेरच्या दुकानातून स्प्रेचा एक डबा घेतला. विमानात नेता येत नाही, तिथेच घ्यावा लागतो. रेंजरबाई म्हणाल्या, बॅगेत नको, कमरेला लावा. आणि बोलत, टाळ्या वाजवत चाला, त्याला दचकवू नका. २०१० पासून पार्कमध्ये बंदूक बाळगायला परवानगी आहे, झाडायला नाही, हेही त्यांनीच सांगितलं. टाळ्यांचं ऐकून मला विदर्भ आठवला. उन्हाळ्यात मोहाची फुलं वेचायला माणसं जातात आणि तीच फुलं खायला अस्वलंही येतात. तिथेही सांगणं हेच असतं, एकटं जाऊ नका, आवाज करत जा. त्या लोकांना कॅलिबर निवडायची चैन नाही. हातात काठी, फार तर कुऱ्हाड.

आइसबर्ग लेकच्या ट्रेलवरून परतताना दुपारी ते झालं. दमलो होतो, गप्पा संपल्या होत्या. बायको माझ्यापुढे दहा पावलं. वळणावर ती एकदम थांबली. तिच्या पलीकडे, जेमतेम २० मीटरवर, एक ग्रिझली खाली मान घालून झुडपं ओरबाडत होतं. त्याने मान वर केली.

माझा हात कमरेला गेला. डबा हाताला लागला, पण त्याची सेफ्टीची चाप निघेना. कशी काढायची ते आदल्या रात्री तीनदा करून बघितलं होतं. बायको हळू आवाजात, मराठीतच, "जातो हं आम्ही, जातो" असं म्हणत मागे मागे सरकत आली. अस्वलाने आमच्याकडे बघितलं आणि ते उतारावरून खाली निघून गेलं. का, ते मलाही कळलं नाही.

त्या रात्री हॉटेलात झोप येईना. हातात काय होतं याचा विचार येत नव्हता. ती कुठे उभी होती ते दिसत होतं. माझ्या आणि अस्वलाच्या बरोबर मधे. स्प्रे निघाला असता तर तिचे डोळे चुरचुरले असते, अर्धा तास शिव्या खाल्ल्या असत्या. सीनियरचं पिस्तूल घेतलं असतं, आणि ते मात्र पटकन निघालं असतं तर? पुढचा गुणाकार मी केला नाही.

मंगळवारी ऑफिसात त्याने विचारलं, "मग, दिसलं का?" म्हटलं, दिसलं. सगळं सांगितलं, बायको कुठे उभी होती तेही. तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "फोटो काढलास?"

फोटो नाही. असो. कॅमेरा बॅगेत होता.